पायरी कुणाला सापडली?

४ नोव्हेंबर १९२२. इजिप्तमधल्या राजांच्या खोऱ्यात, सहाव्या रामसेसच्या थडग्याच्या दाराजवळ खोदकाम चालू होतं. तिथे हजारो वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या झोपड्यांचे पाये उघडे पडले होते. त्यातल्या पहिल्याच झोपडीखाली दगडात कोरलेली एक पायरी लागली. तिच्याखाली आणखी पंधरा होत्या. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे: तुतनखामुन, सोन्याचा मुखवटा, शापाच्या अफवा, आणि भिंतीला पाडलेल्या भोकातून मेणबत्ती धरून आत डोकावणारा हॉवर्ड कार्टर.

पण ती पायरी सापडली कुणाला? कार्टरला नाही, हे तो स्वतःच सांगतो. त्या सकाळी तो कामावर पोचला, तेव्हा सगळीकडे शांतता होती. काम थांबलेलं होतं, कारण पायरी आधीच लागली होती. कुणाच्या फावड्याला लागली, ते त्याने लिहिलेलं नाही. पुढे पाणी वाहणाऱ्या एका पोराची गोष्ट लोकप्रिय झाली. घडा टेकवायला तो वाळू उकरत होता आणि हाताला दगड लागला, अशी. गोष्ट गोड आहे, पण कार्टरच्या त्या दिवसांच्या नोंदींत ती नाही. म्हणजे जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पुरातत्त्वीय शोधाचा पहिला क्षण अनामिक आहे.

इजिप्तच्या थडग्यांवर मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचते, पाहते. या लेखात तीन कलाकृतींबद्दल बोलायचं आहे. एक पुस्तक, एक चित्रपट, एक डॉक्युमेंटरी. तिन्हींत थडगं सापडतं, आणि तिन्हींना मी एकच प्रश्न विचारणार आहे: या गोष्टीत ‘शोध’ म्हणजे नेमकं काय, आणि तो कुणाच्या नावावर जमा होतो?

लाँचचा मेल आणि मागची नोंद

कार्टर आणि आर्थर मेस यांनी मिळून लिहिलेला ‘द टूम ऑफ तुत-अंख-आमेन’चा पहिला खंड १९२३ मध्ये आला. थडगं सापडून जेमतेम वर्ष झालं होतं. पुस्तक आजही वेगाने वाचून होतं. आधी खोऱ्याचा इतिहास, मग रिकाम्या गेलेल्या मोसमांची निराशा, मग कार्नारव्हनच्या पैशावरचा शेवटचा मोसम, आणि मग पायरी. थ्रिलरची रचना अशीच असते. आज यूट्यूबवर पुरातत्त्वाचे जे व्हिडिओ आपण पाहतो, त्यातले बहुतेक याच साच्यातले आहेत: बंद दार, अंधार, भोक, उजेड, सोनं.

साचा किती घासूनपुसून तयार केलेला आहे, ते कार्टरच्या कच्च्या नोंदी शेजारी ठेवल्या की दिसतं. आत काही दिसतंय का, या कार्नारव्हनच्या प्रश्नाला कार्टरने दिलेलं उत्तर जगप्रसिद्ध आहे. त्याच्या रोजनिशीत मात्र ते जरा वेगळं आणि साधं आहे. पुस्तकात येईपर्यंत त्याला धार आली. यात पाप काही नाही. लिहिताना सगळेच असं करतात. पण दुसरी गोष्ट इतकी निरुपद्रवी नाही. दफनाच्या खोलीचं दार १६ फेब्रुवारी १९२३ रोजी पाहुण्यांच्या साक्षीने ‘पहिल्यांदा’ उघडण्यात आलं, असं पुस्तक सांगतं. प्रत्यक्षात कार्टर, कार्नारव्हन, त्यांची मुलगी लेडी एव्हलिन आणि मदतनीस कॅलेंडर हे नोव्हेंबरमध्येच खालच्या भोकातून सरपटत आत जाऊन आले होते. नंतर भोक बुजवलं आणि त्यापुढे टोपलीचं झाकण आणि बोरू लावून ठेवले. या कामावरचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड लुकास यांनी १९४० च्या दशकात हे छापून सांगितलं, तोवर कार्टरचं निधन झालं होतं.

म्हणजे पुस्तकाचा कळसाध्याय हा रंगमंचावरचा प्रयोग होता. प्रेक्षकही निवडलेले होते. कार्नारव्हनने लंडनच्या ‘द टाइम्स’शी बातम्यांच्या मक्तेदारीचा करार केला होता, त्यामुळे इजिप्तच्या वर्तमानपत्रांना त्यांच्याच देशातली बातमी लंडनमार्गे मिळत होती. इजिप्तला फेब्रुवारी १९२२ मध्ये, निदान कागदावर, स्वातंत्र्य मिळालं होतं. त्यानंतर वर्षभराच्या आतच हा प्रकार झाला. १९२४ मध्ये साद झग्लूल यांच्या सरकारशी कार्टरचं बिनसलं, त्याने काम बंद करून थडग्याला कुलूप लावलं, आणि मग सरकारने त्यालाच बाहेर काढलं. तो परत कामावर आला तो १९२५ च्या जानेवारीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे कोडच्या प्रत्येक ओळीला ती कुणी, कधी, कशासाठी लिहिली याची नोंद चिकटलेली असते. प्रॉडक्ट बाजारात आलं की जो अभिनंदनाचा मेल फिरतो, त्यात मात्र तीनचार नावं असतात. कार्टरचं पुस्तक हा तो मेल आहे. मेलमध्ये चार मुकादमांचे आभार नावानिशी मानले आहेत, आणि ब्रिटिश इजिप्तमधल्या त्या काळात हेही थोडं नव्हतं: अहमद गेरिगार, गाद हसन, हुसेन अबू अवाद, हुसेन अहमद सैद. पण पाट्या वाहणारी पोरं, वाळू उपसणारे मजूर, नदीपर्यंत रुळांवरून पेट्या ढकलणारी माणसं हा नुसता जमाव आहे.

मागची नोंदही आहे, आणि तीच खरी थोर आहे, असं मला वाटतं. कार्टरच्या चमूने १ ते ६२० असे क्रमांक देऊन, त्यांना पोटक्रमांक जोडून, पाच हजारांहून अधिक वस्तूंची कार्डं बनवली. प्रत्येक वस्तू जागेवरून हलण्याआधी हॅरी बर्टनने क्रमांकासह तिचा फोटो काढला. या कामाला दहा वर्षं लागली. ही सगळी सामग्री ऑक्सफर्डच्या ग्रिफिथ इन्स्टिट्यूटने ऑनलाइन ठेवली आहे, फोनवरही दिसते. एखादं कार्ड उघडून पाहा. पेटीत काय होतं, कशाखाली काय होतं, कुठला मणी कुठे गळून पडला होता. त्यात ‘आहाहा’ कुठेही नाही. खजिना उचलून नेणं आणि थडगं समजून घेणं यात जो फरक आहे, तो या कार्डांत आहे. पुस्तकाला मात्र दारापाशीच नाट्य संपवायची घाई आहे.

बर्टनच्या काही फोटोंत माणसंही आहेत. एका फोटोत एका इजिप्शियन मुलाच्या गळ्यात तुतनखामुनचा जड हार घातलेला आहे. पुढे कुर्ना गावच्या हुसेन अब्द अल-रसूल यांनी तो मुलगा आपणच असल्याचं सांगितलं, आणि पाण्याच्या घड्याची गोष्टही त्यांच्याशीच जोडली गेली. छायाचित्रांच्या अभ्यासक क्रिस्टिना रिग्ज यांना ही ओळख पटत नाही. वाद मिटणं अवघड आहे, कारण हाराला क्रमांक होता आणि मुलाला नाव नव्हतं.

साडेबत्तीसशे वर्षांपूर्वीचं मस्टर

‘तो काळच तसा होता, मजुरांची नावं कोण लिहून ठेवतो’ असं कुणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून ब्रिटिश म्युझियममधला चुनखडीचा एक तुकडा पुरे आहे.

राजांच्या खोऱ्यातली थडगी ज्यांनी खोदली आणि रंगवली, ते कारागीर जवळच्या देर अल-मदिना या गावात राहत. या तुकड्यावर दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षातलं त्यांचं हजेरीपत्रक आहे. साध्या भाषेत मस्टर. चाळीस माणसांची नावं, २८० दिवस, आणि नावापुढे कोण कधी आलं नाही आणि का. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचे डोळे आले. कुणाची आई आजारी होती, कुणी बिअर गाळत होता, कुणी भावाचं प्रेत गुंडाळण्याच्या कामात होता. कारणं वाचताना आपल्याच ऑफिसमधली रजेची यादी वाचल्यासारखं वाटतं.

याच गावातल्या लोकांनी तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्याचा पगार थकला म्हणून काम बंद करून मंदिरांपाशी ठाण मांडलं. त्या संपाची हकीकत सांगणारा पपायरस आज इटलीत, तुरिनच्या संग्रहालयात आहे. आणि या कारागिरांनी स्वतःसाठीही थडगी बांधली. सेन्नेजेमचं रंगीत थडगं १८८६ मध्ये जसंच्या तसं सापडलं. खा आणि त्याची बायको मेरित यांचं थडगं १९०६ मध्ये इटालियन संशोधक स्कियापारेल्ली यांना सापडलं. त्यातले कपडे, भाकऱ्या, बिछाने आणि खाची हत्यारंसुद्धा आता तुरिनमध्येच आहेत.

म्हणजे ज्या फेरोंच्या जुलमाच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकतो, त्यांच्या राज्यात थडगं खोदणाऱ्या माणसाला नाव होतं, रजा होती, त्या रजेचं कारण होतं. छापखान्याच्या आणि कॅमेऱ्याच्या युगात तेच थडगं पुन्हा खोदणाऱ्या माणसाला ‘शोधा’च्या गोष्टीत नाव मिळालं नाही. नाव नोंदवणं अशक्य नव्हतं. ‘शोध’ हा जो गोष्टीचा प्रकार रूढ झाला, त्यात त्या नावासाठी जागाच नव्हती.

अर्थात प्राचीन इजिप्तलाही फार वर चढवायला नको. पहिल्या थुत्मोसचा अधिकारी इनेनी याने राजाचं थडगं कसं गुप्तपणे, कुणाच्या डोळ्याला आणि कानाला पत्ता न लागू देता खोदवून घेतलं, याची बढाई मारली आहे. कुठे? स्वतःच्या थडग्यातल्या लेखात, येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावं म्हणून. राजाचं गुपित अधिकाऱ्याने आपल्या प्रोफाइलवर टाकावं, तसं. आणि त्यातही ज्यांनी छिन्नी चालवली ते ‘कुणी’ मोजलेलेच नाहीत. साहेबांची ही सवय जुनी आहे.

चोरांच्या घरातली गोष्ट

दुसरी कलाकृती शादी अब्देल सलाम यांचा ‘अल-मुमिया’ हा १९६९ चा चित्रपट. इंग्रजीत तो ‘द नाइट ऑफ काउंटिंग द इयर्स’ या नावाने ओळखला जातो. त्यांचा हा एकमेव पूर्ण लांबीचा चित्रपट. २००९ मध्ये मार्टिन स्कोर्सेसींच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने त्याची प्रत नव्याने दुरुस्त केली.

मागची खरी घटना अशी. कुर्ना गावातल्या अब्द अल-रसूल कुटुंबाला (होय, फोटोतल्या मुलाचं तेच आडनाव) देर अल-बहारीच्या कड्यात एक विवर सापडलं होतं. जुन्या काळी पुजाऱ्यांनी चोरांपासून वाचवण्यासाठी अनेक राजांच्या ममी एकत्र करून तिथे लपवल्या होत्या. कुटुंब त्यातल्या वस्तू थोड्याथोड्या करून विकत राहिलं. बाजारात अचानक राजेशाही वस्तू दिसू लागल्यावर पुराणवस्तू खात्याचे प्रमुख मास्पेरो यांनी चौकशी लावली. भावांना पकडलं, केनाच्या गव्हर्नरच्या हुकमावरून त्यांचा छळ झाला. अखेर घरातच फूट पडली आणि महंमदने जागा दाखवली. जुलै १८८१ मध्ये एमिल ब्रुग्श आणि अहमद कमाल यांनी काही दिवसांत विवर रिकामं केलं. पहिला सेती, दुसरा रामसेस, तिसरा थुत्मोस असे राजे बोटीने कैरोला निघाले. घाई एवढी होती की कुठली शवपेटी कुठे होती याचा नीट नकाशाही बनला नाही. बोट जात असताना काठावरच्या बाया रडत, केस विस्कटून मातम करत होत्या, असं सांगतात.

शादी अब्देल सलाम यांनी या कथेतला ‘शोध’ काढूनच टाकला, आणि हीच चित्रपटाची ताकद आहे. इथे थडगं आधीच माहीत आहे. तरुण वनीसचा बाप मरतो, आणि काका त्याला आणि त्याच्या भावाला डोंगरात नेऊन दाखवतात की घरातली भाकरी कुठून येते. अंधार, उजेड, सोनं हे सगळं सुरुवातीलाच होऊन जातं, आणि वनीसला आनंद होत नाही, किळस येते. पुढचा सगळा चित्रपट एका प्रश्नावर उभा आहे: हे मेलेले आपले कोण? ज्यांची लिपी वाचता येत नाही, धर्म वेगळा, त्यांना विकून जगणं ही चोरी की वारसा? भाऊ नकार देतो आणि मारला जातो. वनीस शेवटी कैरोहून आलेल्या अहमद कमाल या इजिप्शियन अधिकाऱ्याला जागा सांगतो.

चित्रपट संथ आहे. पात्रं बोलीत नाही, साहित्यिक अरबीत बोलतात, आणि माणसं पुतळ्यांसारखी वाऱ्यात उभी राहतात. पहिली वीस मिनिटं धीर धरावा लागतो. त्यानंतर मी फोन बाजूला ठेवू शकले नाही.

तरी माझी एक गंभीर तक्रार आहे. चित्रपटाने छळाच्या जागी सदसद्विवेक ठेवला. प्रत्यक्षात मार खाऊन फुटलेलं कुटुंब पडद्यावर आत्मशोध घेतं. त्यामुळे सरकारची बोट स्वच्छ राहते. कैरोतला शिकलेला माणूस वारशाचा रक्षक, कड्याखाली राहणारा माणूस अज्ञानी, ही मांडणी दिग्दर्शकालाही पूर्ण मोडता आलेली नाही. आणि ती मांडणी कागदावर राहिली नाही. कुर्नावासीयांना थडग्यांपासून हलवण्यासाठी १९४० च्या दशकात वास्तुविशारद हसन फाथी यांना मातीच्या विटांचं नवं गाव बांधायला सांगितलं गेलं. तिथे बहुतेकांनी जाणं नाकारलं. २००६ च्या अखेरीस जुन्या कुर्नाच्या घरांवर बुलडोझर फिरू लागले. थडग्यांचं संरक्षण हे कारण खोटं नव्हतं. पण ज्यांच्या आज्यापणज्यांनी प्रत्येक मोहिमेसाठी पाट्या वाहिल्या, ते त्या जागेच्या इतिहासात फक्त ‘चोर’ म्हणून उरले. शेवटच्या दृश्यात बोट निघून जाते आणि वनीस काठावर एकटा उरतो. दिग्दर्शकाला हे कळलेलं होतं, असं मला ते दृश्य पाहताना वाटतं. फक्त ते त्याने फार उशिरा आणि फार हळू आवाजात सांगितलं.

मजूर पडद्यावर येतात

तिसरी कलाकृती बऱ्याच जणांनी पाहिली असेल: नेटफ्लिक्सवरची ‘सीक्रेट्स ऑफ द सक्कारा टूम’, २०२०, दिग्दर्शक जेम्स टॉवेल. २०१८ मध्ये सक्कारा इथे सापडलेल्या वाहतियेच्या थडग्याची ही गोष्ट. वाहतिये राजा नव्हता. सुमारे ४,४०० वर्षांपूर्वीच्या पाचव्या राजवंशातला पुजारी होता. त्याच्या थडग्याच्या भिंतींवर तो, त्याची बायको, आई, मुलं आणि डझनावारी कोरलेल्या मूर्ती आहेत.

या डॉक्युमेंटरीने एक मोठं काम केलं. गोरा साहेब गायब आहे. सांगणारे, खोदणारे, लिपी वाचणारे सगळे इजिप्शियन आहेत. मुस्तफा आणि घरीब यांच्यासारखे खोदकाम करणारे लोक नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलतात. कार्टरच्या पुस्तकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पाटी वाहणाऱ्याला संवाद मिळाले.

पण साचा तोच राहिला. रमजानच्या आधी मोसम संपणार, पुढचा मोसम हवा तर काहीतरी मोठं सापडलंच पाहिजे, म्हणून घड्याळ टिकटिकतं. १९२२ मध्ये कार्नारव्हनचा संयम संपत आला होता, इथे निधी संपत आला आहे. हा ताण खोटा नाही. मजुरांची रोजी खरोखरच शोधावर अवलंबून आहे. पण ज्या व्यवस्थेत बातमी होईल असं काही सापडलं तरच पुढचा पगार, त्या व्यवस्थेला प्रश्न विचारायचं सोडून डॉक्युमेंटरी तिचाच इंजिनासारखा वापर करते. आणि शेवटी कळस हवा म्हणून तर्क जोर धरतात. वाहतियेने भावाचं थडगं बळकावलं असेल का? हाडं पाहून एक डॉक्टर मलेरियाची शक्यता बोलून दाखवतात. ती शक्यताच आहे, पण संगीत आणि संकलन तिला निकालाचं वजन देतात. कार्टरच्या धारदार केलेल्या उत्तराची ही पुढची आवृत्ती आहे.

याहून मोठी चूक मात्र साच्यातच आहे. खोऱ्यातल्या राजाचं थडगं बंद राहण्यासाठी बांधलेलं होतं. पूजेचं देऊळ दूर, शेतांच्या कडेला; थडग्याचं तोंड मातीत. ते उघडणं म्हणजे राजाची इच्छा मोडणंच. वाहतियेसारख्यांचं उलट. त्यांच्या थडग्यात दफनाची विहीर बंद, पण वरचं चित्रं असलेलं दालन उघडं. घरच्यांनी यावं, भाकरी आणि बिअर ठेवावी, नाव घ्यावं. कित्येक खासगी थडग्यांत वाटसरूला उद्देशून मजकूर कोरला आहे: जिवंत माणसा, थांब, माझं नाव उच्चार, एवढ्यानेही मला अन्न पोचेल.

अशा थडग्याला ‘रहस्य’ म्हणणं मला पटत नाही. त्याने काहीच लपवलेलं नव्हतं. फक्त वाचणारे यायचे थांबले होते. तिथे दार उघडणं हा गोष्टीचा शेवट असूच शकत नाही; तिथून भेट सुरू होते. डॉक्युमेंटरीतला माझा आवडता भाग म्हणूनच शेवटचा मलेरिया नाही, तर माणसं भिंतीजवळ बसून, धूळ झटकत वाहतियेच्या घरच्यांची नावं मोठ्याने वाचतात, तो आहे. त्या क्षणी थडगं ज्यासाठी बांधलं होतं तेच काम करत होतं. दिग्दर्शकाने मात्र तो भाग पुढच्या विहिरीकडे जायची पायरी म्हणून वापरला.

तिन्हींत श्रेष्ठ कोण, असं विचाराल तर मी ‘अल-मुमिया’ म्हणेन, कारण सोनं दिसल्यावर पुढे काय, हे विचारण्याचं धैर्य त्यात आहे. पण माणसांचा हिशेब नेटफ्लिक्सने जास्त चोख ठेवला, आणि वस्तूंचा हिशेब कार्टरच्या कार्डांनी. तिन्ही गुण एकत्र असलेली कलाकृती मला अजून भेटलेली नाही. तोवर पुढच्या वेळी ‘हजारो वर्षांनी पहिल्यांदाच’ असं थंबनेल समोर आलं की तुम्हीही विचारून पाहा: पहिल्यांदा कुणी? त्या दिवशी कामावर कोण कोण होतं? देर अल-मदिनाचा लेखनिक याचं उत्तर दगडावर लिहून ठेवत होता, आणि कोण आलं नाही तेही.